अननस म्हणा, मग मिळेल

मी कोंबडी करता करता बोलायला शिकले असं सांगितलं की ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. थट्टा नाही. गेल्या वर्षी मला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात काही आठवडे जड होता, पाय जवळजवळ वाचला, पण बोलणं गेलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. डोक्यात सगळं जागच्या जागी असतं. माणसं ओळखू येतात, ती काय म्हणतात तेही बरंचसं कळतं. पण आपण एखादा शब्द शोधायला गेलो की भलताच हाती लागतो, नाहीतर काहीच लागत नाही.

हे मी आजारी माणसासाठी लिहीत नाही, कारण त्याला सध्या कदाचित वाचताही येत नसेल. मलाही येत नव्हतं. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेलं जे माणूस आहे, त्याच्यासाठी लिहिते आहे. त्याला कसं चाललंय, हे कुणी विचारत नाही.

मी कोण ते आधी

मी प्रमिला शिंदे. माहेर कोल्हापूर, शाळा मराठी. लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा मला कानडी एक अक्षर येत नव्हतं. माझ्या सासरचे लोक कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. आता फौज नाही, मिशा तेवढ्या राहिल्यात. माझे यजमान मोहनराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ते मराठी बोलतात, म्हणजे निम्मी मराठी आणि निम्मी कानडी. "स्वल्प थांब, बेगा येतो," अशी. थोडी थांब, लवकर येतो. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसत होते.

सरस्वतीपुरममधल्या एका लग्नाच्या कार्यालयात मी बुकिंग बघते. इकडे त्याला कल्याणमंटप म्हणतात. तिथे कानडीत बोलून बोलून माझी कानडी अशी झाली की गिऱ्हाइकं मला इथलीच समजतात. घरात बोलणारी मी आणि ऐकणारे हे, असा आमचा संसार होता. मुलगी कीर्ती बंगळुरूला नोकरी करते. ती म्हणते, लहानपणी तिला वाटायचं अप्पांना घसा दुखण्याचा आजार आहे.

तो दिवस

मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला एक नवरा-बायको आले होते. मी त्यांना वरचा जेवणाचा हॉल दाखवत होते. एका पंगतीला किती पानं बसतात, हात धुवायची सोय कुठे, हे रोजचंच. मी छान बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं. मग ते गृहस्थ एकदा हसले, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मॅडम, कूतकोळ्ळी." म्हणजे बसा. मला राग आला. हॉलमध्ये लोकांना बसा म्हणायचं काम माझं.

त्यांनी मला नंतर सांगितलं की मी अगदी ठसक्यात बोलत होते, हातवारेही बरोबर होते, पण शब्द एकही ओळखीचा नव्हता. त्या बाईंच्या वडिलांचं असंच झालं होतं आणि घरच्यांनी त्यांना साखरपाणी देऊन झोपवलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी मला स्वतःच्या गाडीत घातलं आणि थेट इस्पितळात नेलं. वाटेत त्या माझ्या फोनवरून ह्यांना फोन करत होत्या आणि मी त्यांच्या हातातून फोन काढून घ्यायला बघत होते, कारण फोनवर बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून पुष्कळ वाचलं. तेवढं एक सांगून ठेवते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अचानक बिघडलं, तर घरात सरबत करत बसू नका. गाडी काढा.

चावी

इस्पितळातली सकाळ नर्सच्या प्रश्नाने सुरू व्हायची. ती सरगूरची होती, हसतमुख, केसांत कायम मोगऱ्याचा छोटा गजरा. ती बीपीचा पट्टा गुंडाळायची आणि विचारायची, "निम्म हेसरेनु?" तुमचं नाव काय? मला प्रश्न कळायचा. नाव म्हणजे काय तेही कळायचं. ते नाव माझ्या ओठांवर येऊन थांबायचं आणि मागे वळायचं. ती घाई करायची नाही. पट्टा सोडायची, आकडा लिहायची, आणि "नाळे हेळी" म्हणायची. उद्या सांगा. जसं काही मी मुद्दामच सांगत नाहीये.

मला एकदा फार तहान लागली. मी ह्यांना म्हणाले, "चावी." हे म्हणाले, "कसली चावी?" मी परत म्हणाले, "चावी." मला पाणी म्हणायचं होतं आणि मला ते पाणीच ऐकू येत होतं. ह्यांनी खिशातून स्कूटरची चावी काढून माझ्या हातात दिली. मी ती फेकली. हे बिचारे घरी गेले आणि कपाटाची, गोदरेजची, मागच्या दाराची, जुन्या ट्रंकेची, अशा सगळ्या चाव्या पिशवीत घालून घेऊन आले. पलंगावर एकेक मांडून विचारू लागले, "ही? ही हाय का?" मी रडायला लागले. तेवढ्यात ती सरगूरची नर्स आली, तिने चाव्यांकडे पाहिलं, माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि पेला भरून दिला. हे पिशवी हातात धरून उभे. आज आम्ही दोघं ही गोष्ट सांगून हसतो. त्या दिवशी ह्यांनी बाहेरच्या बाकावर बसून डोळे पुसले, हे मला त्याच नर्सने सांगितलं.

आणि मग एका सकाळी माझं बोलणं फुटलं. हे दारातून आत आले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट, सुरेल आवाजात म्हणाले, "बन्नी सार, कूतकोळ्ळी."

या साहेब, बसा. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच म्हणते. ह्यांना इतका आनंद झाला की ते खरंच खुर्चीच्या टोकावर बसले, गिऱ्हाइकासारखे.

आधी आलेली भाषा

घरी आल्यावर कानडी शब्द एकेक करून परतू लागले. नीरु, हालु, ऊटा. पाणी, दूध, जेवण. मराठी मात्र एखाद्या तुटक शब्दापलीकडे येईना. जी भाषा मी आईच्या मांडीवर शिकले ती बाहेर राहिली आणि लग्नानंतर शिकलेली आधी घरात शिरली. असं का, हे डॉक्टरांनी समजावलं, पण ते मला नीट सांगता यायचं नाही आणि तुम्हाला त्याचा उपयोगही नाही. एवढंच सांगते की मला आतून फार परकं वाटत होतं. नवऱ्याशी मी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीने बोलत होते. कीर्ती फोनवर "आई" म्हणायची आणि मी तिला "हेळी मॅडम", सांगा मॅडम, म्हणायचे. ती हसायची आणि मग फोन पटकन अप्पांकडे द्यायला सांगायची. तिचा आवाज का बदलतो ते मला कळत होतं.

भीती होती ती वेगळीच. दुसरा झटका येईल याची होतीच, पण त्याहून मोठी भीती होती की लोक मला खुळी समजतील. ह्यांचे एक चुलतभाऊ भेटायला आले. माझ्यासमोर बसून ह्यांना म्हणाले, "आता हिला काय कळत नसंल ना?" हे चहा ओतत होते. ओतता ओतताच म्हणाले, "सगळं कळतंय तिला. तू आत्ता काय बोललास ते पण." मला त्या चहाची चव अजून आठवते.

पण हेच माझे यजमान मला हळूहळू वेडं करत होते. मी तोंड उघडलं की वाक्य ते पुरं करायचे. जन्मभर न बोललेलं माणूस, आणि आता माझ्या वाटचंही तेच बोलू लागलं. मी "मला…" म्हणाले की, "चहा? पाणी? उशी? टीव्ही? पंखा कमी करू?" अशी रांग लागायची. त्या रांगेत माझा शब्द सापडला की ते खूश, पण मी खूश नसायचे. शब्दाच्या शेपटीला मी हात लावलेला असायचा आणि तेवढ्यात ते तो उचलून न्यायचे. एकदा मी ताट ढकललं. सांबार त्यांच्या शर्टावर गेलं. ते उठले, शर्ट बदलून आले आणि म्हणाले, "भात पायजे होता का?" मला पापड पाहिजे होता.

अश्विनीचा नियम

आठवड्यातून दोनदा आम्ही अश्विनीकडे जायचो. वाचा शिकवणारी ही मुलगी कीर्तीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने आमच्या दोघांचं थोडा वेळ ऐकलं आणि मला सोडून ह्यांना म्हणाली, "सर, तुम्ही फार चांगले आहात. गप्प बसायचं."

हे म्हणाले, "मी गप्पच असतो की."

"आता नाही. त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या. त्यांनी मांडीवर थाप मारली तर पहिलं अक्षर सांगा. त्यापुढे नाही."

मग ती मला म्हणाली की घरात एखादं काम निवडा, रोजचं. ते करताना प्रत्येक वस्तू नाव घेऊन मागायची. बोटाने दाखवायची नाही. काम झटपट होणारं हवं, म्हणजे शब्द आळसावणार नाहीत आणि तुम्ही थकणारही नाही.

त्याच सुमारास आहाराच्या बाईंनी माझं सगळं खाणं बदललं होतं. तेल कमी, नारळ कमी, भाज्या आणि फळं भरपूर, कोंबडी चालेल पण रस्सा नको. कोल्हापूरच्या मुलीला रस्सा नको म्हणणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. शनिवारी कीर्ती आली आणि तिने तिच्या खोलीवर ती करते तशी कोंबडी करून दाखवली. मोठ्या आचेवर भराभरा परतायची, भाज्या घालायच्या आणि शेवटी अननस. मी कढईत अननस पडताना पाहिला आणि तोंड फिरवलं. शिकरणीत लसूण घातल्यासारखं वाटलं. पण खाल्ल्यावर गप्प बसले. गप्प तर होतेच म्हणा.

अश्विनीला ही कृती पसंत पडली. "वस्तू सात-आठ, वेळ कमी, आणि हात थांबला तर जळतं. उत्तम," ती म्हणाली. "मी शाकाहारी आहे. मला खायला बोलवू नका, ऐकवायला बोलवा."

पहिली कोंबडी

पहिल्या दिवशी ह्यांनी सगळं कापून ओट्याच्या त्यांच्या बाजूला वाट्यांत मांडलं. माझा उजवा हात अजून सुरी धरत नव्हता, उलथणं मात्र धरायचा. मी शेगडीपाशी, हे वाट्यांपाशी. नाव घेतल्याशिवाय वाटी मिळणार नाही.

तेल मिळालं. आलं मिळालं, एका थापेत. लसूण म्हणताना मी "लग्न" म्हणाले, मग "लसणी", आणि ह्यांनी वाटी दिली. कोंबडीला मी कानडीत "कोळी" म्हणाले आणि तेही चाललं. कोंबडी कढईत पडली, चर्र झाली, पांढरी होऊ लागली. कांदा आला, ढोबळी मिरची आली. मला घाम फुटला होता, पण मजा वाटत होती. मग अननसाची पाळी आली.

मला तो दिसत होता. पिवळा, रसरशीत, ह्यांच्या हातातल्या वाटीत. मी म्हणाले, "मंटप." हे हलले नाहीत. मी म्हणाले, "पिवळं. पिवळं मंटप." मी मांडीवर थाप मारली. हे म्हणाले, "अ." मी म्हणाले, "अडुगे." म्हणजे स्वयंपाक. कढईतून धूर येऊ लागला. अननस हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे, आणि तरीही मला तो कुठल्याच बाजूने सापडेना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ आत ओढून दातांखाली धरले होते. मिशी तेवढी थरथरत होती. वाटी पुढे करायला त्यांचा हात दोनदा निघाला आणि दोनदा मागे गेला.

मी उलथणं टाकलं. ह्यांनी शेगडी बंद केली. स्वयंपाकघरात जळका वास भरला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

"माझ्या तोंडात होता शब्द," हे म्हणाले. "अजून आहे."

त्यांनी तीच कोंबडी ताटात वाढली. टाकायची कशी, म्हणाले. आम्ही समोरासमोर बसून चावू लागलो. चावून चावून माझा जबडा दुखला. ह्यांनी एक तुकडा तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि शेवटी म्हणाले, "चप्पल बरी हाय याच्यापेक्षा."

"मग खावा की चप्पल," मी म्हणाले.

हे चावायचे थांबले. मीही थांबले. अख्खं वाक्य होतं. मराठी होतं, आणि नुसतं मराठी नव्हे, कोल्हापूरचं होतं. न शोधता, न थांबता, माझ्या आईच्या तोंडून यावं तसं आलं होतं. हे हसायला लागले, मग मी, आणि हसता हसता मला ठसका लागला तसे हे घाबरून उठले. पाण्याचा पेला घेऊन आले, पण पुढे केला नाही. हातात धरून उभे राहिले.

"पाणी," मी म्हणाले.

मग दिला.

फळं बदलत गेली

त्यानंतर आठवड्यातून तीन-चारदा आमच्याकडे ही कोंबडी होऊ लागली. शेजारच्यांना वाटलं डॉक्टरांनी औषध म्हणून दिली असेल, आणि ते फारसं चूक नव्हतं. अननस चौथ्या-पाचव्या खेपेला आला आणि मग असा मुरला की मी उगाचच येता-जाता तो शब्द म्हणायचे. अश्विनीने लगेच अननस बंद केला. म्हणाली, फळ बदला. येणारा शब्द म्हणत राहून काय उपयोग.

म्हणून आम्ही डाळिंबाचे दाणे घातले. ते चांगले लागतात, पण शेगडी बंद केल्यावर घालायचे. संत्र्याचा रस घातला. तो थोडा आटवला तर कोंबडीला छान चकाकी येते. द्राक्षं घातली, ती फुटून सगळं पाणीदार झालं. पपई घातली त्या दिवशीचं काही बोलू नये. हे देवराज मार्केटमधून फळं आणायचे आणि पिशवी माझ्यापासून लपवून ठेवायचे, म्हणजे आज कुठला शब्द लागणार ते मला आधी कळू नये. ज्या माणसाला मी कधी सरळ भाजी आणताना पाहिलं नव्हतं, तो आता फळवाल्याशी आंबट-गोडावर चर्चा करून यायचा. बोलायला लागला होता तो, माझ्याही आधी.

एके दिवशी पिशवीत पेरू होता. मी कोंबडी परतून घेतली, वाटीकडे पाहिलं आणि पहिल्याच फटक्यात म्हणाले, "पेरू."

हे हलले नाहीत.

मी म्हणाले, "पेरू."

हे डोळ्यांनी मला धीर देत होते. सावकाश, असं. मला वाटलं, चुकलं वाटतं आपलं. माझा सगळा विश्वास ढासळला. मी थाप मारली. हे म्हणाले, "सी."

सी म्हणजे सीबे. पेरूला कानडीत सीबे म्हणतात. जन्मभर ह्यांनी त्याला तेच म्हटलं होतं, मराठी बोलतानासुद्धा. मी बरोबर होते आणि मास्तर चुकत होते. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "अहो. पेरू. मराठीत. पेरू." त्यांना आठवलं, आणि ते इतके ओशाळले की वाटीतला अर्धा पेरू खाली सांडला. उरलेला कढईत घातला. पेरू चांगला लागतो, जरा कच्चट घ्यावा.

दुसऱ्या शनिवारी कीर्ती आली. मी तिला काहीतरी सांगत होते आणि अडले. तिने पटकन माझा शब्द पुरवला. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "कीर्ती, तिचं तू बोलू नको. सुम्मने बस." नुसती बस, गप्प. कीर्ती चिडली. "अप्पा, मी मदत करतेय," म्हणाली. हे म्हणाले, "मी पण तेच करत होतो. ती मदत नसती." मुलगी काही वेळ फुगून बसली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि मी ते वाक्य पुरं करेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाक्य साधंच होतं. तिचे केस फार गळतायत, असं मला म्हणायचं होतं. एवढा वेळ थांबून हे ऐकायला मिळालं म्हणून ती अजून कुरकुरते.

कृती, कुणाला हवी असेल तर

छातीचा बिनहाडांचा भाग घ्यायचा आणि बोटाएवढ्या लांब, पातळ पट्ट्या करायच्या. जाड तुकडे ठेवले तर बाहेरून जळतात आणि आतून कच्चे राहतात. लिंबू, मिरपूड, वाटलेलं आलं-लसूण आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून भाज्या चिरून होईपर्यंत ठेवायचं. लोखंडी कढई चांगली तापल्याशिवाय तेल घालायचं नाही, आणि तेल चमचाभरच. पट्ट्या पसरून टाकायच्या आणि थोडा वेळ हलवायच्याच नाहीत. मग परतायच्या आणि आतून पांढऱ्या झाल्या की कांदा, ढोबळी मिरची, गाजर. भाज्या कुरकुरीत राहिल्या पाहिजेत. फळ शेवटी, दोनदा उलटवलं की पुरे. झाकण ठेवायचं नाही. सगळं आधी कापून हाताशी मांडलेलं असलं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. मला सुरुवातीला तास लागायचा, कारण मधे शेगडी बंद करून शब्द शोधावे लागायचे.

आता

मी बरी आहे. पूर्वीसारखी नाही. थकले की शब्द अजून पळतात आणि आकडे उलटसुलट होतात. फोन मला जमत नाही. समोरचा दिसत नाही आणि तो घाईत असतो. कार्यालयाच्या मालकांनी फोनवर दुसरी मुलगी ठेवली आणि मला सकाळी हॉल दाखवायला परत बोलावलं. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं, "मला झटका येऊन गेलाय, स्वल्प निधाना." थोडं सावकाश. ते गृहस्थ इतकं सावकाश बोलू लागले की मलाच घाई झाली.

गेल्या महिन्यात अश्विनीने तिच्याकडे येणाऱ्या रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र बोलावलं आणि मला कोंबडी करून दाखवायला सांगितलं. विजेची शेगडी आणली. हे वाट्यांपाशी उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी प्रत्येक वस्तू नाव घेऊन मागितली. ढोबळी मिरचीला अडखळले, एक थाप लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा हेच जास्त लाजले.

पुढच्या रांगेत बेट्टदपुरहून आलेले पुट्टस्वामी नावाचे गृहस्थ बसले होते. आयुष्यभर बस चालवलेले, रुंद खांद्यांचे. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, "सरि." म्हणजे ठीक. भूक लागली तरी सरि, नको असलं तरी सरि, पोटात दुखलं तरी सरि. त्यांच्या पत्नी जयम्मा मला सांगत होत्या की ते सरि म्हणाले की त्या दचकतात, कारण नक्की काय बिनसलंय ते शोधावं लागतं. बोलता बोलता त्या त्यांचा सदरा सारखा करत होत्या, आणि त्यांच्या वतीने सगळ्यांना नमस्कारही करत होत्या. त्यांच्याकडे बघून मला वाटलं, ह्या बाईला कुणीतरी एकदा गप्प बसायला सांगायला हवं, आणि चहाही पाजायला हवा.

मी छोट्या ताटल्यांत थोडी थोडी कोंबडी वाढली. पुट्टस्वामींनी डाव्या हाताने एक तुकडा उचलला, सावकाश चावला, गिळला आणि माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले.

"उप्पिल्ला," ते म्हणाले.

मीठ नाही.

खरंच नव्हतं. बीपीमुळे मी हल्ली नावापुरतंच घालते. पण खोलीतले सगळे पुट्टस्वामींकडे बघत होते. जयम्मांचा हात त्यांच्या सदऱ्यावर होता तसाच राहिला. "एनंद्री?" त्यांनी विचारलं. काय म्हणालात?

"उप्पिल्ला," ते परत म्हणाले, जरा चिडून, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

जयम्मांनी तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला पदरामुळे कळलं नाही. अश्विनी हळूच त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आता तुम्ही काही बोलू नका. जयम्मा बोलल्या नाहीत. पदर बाजूला करून त्यांनी दुसरा तुकडा ताटलीत त्यांच्यापुढे सरकवला आणि वाट बघत बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मी उलथणं हातात धरून उभी, हे रिकामी वाटी धरून उभे.

पुट्टस्वामींनी तो तुकडाही चावून खाल्ला. विचार केला. मग मला उद्देशून, बोट रोखून म्हणाले, "खारानू इल्ला."

तिखटही नाही.

"खरं आहे हो तुमचं," मी त्यांना म्हणाले, आणि ते मी मराठीत म्हणाले हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांना ते बरोबर कळलं होतं.